आमेन होईपर्यंत

आमच्या शेजारच्या मावशींना मध्येच तोडून बोलेल असा माणूस कळंबमध्ये अजून जन्माला यायचाय. मावशींचा आवाज मोठा नाही, स्वभावही तापट नाही. पण त्यांना कुणाला काही सुनावायचं असलं की त्या ते प्रार्थनेत सुनावतात. जेवणाआधी प्रार्थना हा त्यांच्या ख्रिस्ती घरातला रिवाज. ताटं वाढली की हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि आमेन होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मी त्यांच्या मुलाचा बालमित्र, घराला घर लागून. आमच्या घरात महादेवाची पूजा, पण अर्धं लहानपण त्यांच्या पाटावर गेल्यामुळं आमेनशिवाय घास उचलायला माझाही हात आजवर धजलेला नाही.

प्रार्थनेची सुरुवात अगदी शुद्ध व्हायची. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, तू दिलेल्या या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो." एवढं झालं की मावशी कळंबात उतरायच्या. "आन् प्रभू, तुला तर ठावंच हाय, ह्या पोरानं गाडी लई जोरात पळवायचं धरलंय. काल बाजारात कुणासंगं दिसला ते म्या हितं सांगत न्हाय. आन् ती मांजर दुधाकडं चाललीय, कुनीतरी हाकला." डोळे मिटलेले असताना त्यांना मांजर कशी दिसायची, हे आम्हांला कधीच कळलं नाही. मित्राचे कान लाल व्हायचे. आमेन झाल्याबरोबर तो तोंड उघडायचा, तर मावशी भाकरी वाढत म्हणायच्या, "आता प्रार्थना झाली. गप जेव."

काका होते तोवर यावर एक उतारा होता. मावशींचे यजमान शाळामास्तर. वरण निवायला लागलं की ते वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात "आमेन!" म्हणून टाकायचे. घरधन्यानंच आमेन म्हटल्यावर मावशींचा नाइलाज व्हायचा. काका गेले आणि त्या घरात गरम वरण कुणाला मिळेनासं झालं.

देवाकडं मागताना मावशी भीड ठेवत नाहीत. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर येरमाळ्याच्या रस्त्याला असलेल्या त्यांच्या तुकड्यात ज्वारीला ओल नव्हती. मावशींनी पाऊस मागितला आणि तो आला. नेमकी तेव्हा ओढ्यापलीकडं आमची सोयाबीन काढून उघड्यावर पडलेली. माझे वडील भिजत दारात आले. "बाई, मागायच्या आधी शेजाऱ्याला इचारावं तरी!" मावशी खरोखरच ओशाळल्या. घरातली ताडपत्री घेऊन चिखल तुडवत आमच्या रानात आल्या आणि सोयाबीनची गंज झाकू लागल्या. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत दुरुस्ती झाली. "प्रभू, पाऊस दे, पर वढ्याच्या अलीकडंच. पलीकडं ह्यांचं पीक हाय." वडिलांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं आणि त्यांना म्हणे फार धीर आला.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मावशी मोरीत घसरून पडल्या, मनगट मोडलं. तेव्हापासून पुण्याला नोकरीत असलेल्या मित्रानं धोशा लावला, आई, आता माझ्याकडं चल. त्यानं विषय काढला की मावशी ताट वाढायला घ्यायच्या आणि प्रार्थना सुरू करायच्या. शेवटी ज्वारी काढून झाल्यावर तो आला, जेवायला मलाही बोलावलं आणि हात जोडत म्हणाला, "आज प्रार्थना म्या करतो."

मावशी चपापल्या, पण रिवाज त्यांचाच होता. डोळे मिटावेच लागले.

"हे स्वर्गीय पित्या," तो म्हणाला, "आईला एवढं सांग, की फोन वाजला की माझ्या छातीत धस्स व्हतं. ती पडली तवा म्या हितं नव्हतो. तिला तुझ्या भरवशावर सोडलंय खरं, पर मला झोप लागत न्हाय."

तो थांबला. आता आमेन यायला हवं होतं. त्याऐवजी मावशींचा आवाज आला. "आन् प्रभू, त्याला बी सांग. त्याच्या बापाला हितल्या मातीत ठिवलंय. त्यांना एकल्याला टाकून म्या कशी जाऊ?"

मी डोळे उघडले नाहीत, उघडण्यासारखे राहिलेही नव्हते. वरण कधीच निवलं होतं. बऱ्याच वेळानं मावशीच हळू आवाजात म्हणाल्या, "आमेन." ते कुठल्या प्रार्थनेला होतं, हे विचारायची छाती कुणाचीच झाली नाही. संध्याकाळी त्या पुण्याला न्यायला ज्वारी पिशवीत भरू लागल्या, तेव्हा कळलं.

निघताना मला म्हणाल्या, "काकांच्या कबरीवरल्या मोगऱ्याला दर आइतवारी पानी घालत जा. नुसतं वतून येऊ नगंस, चार गोष्टी सांग. त्यांना गावाची खबर लागती."

आता त्यांचा फोन येतो. "हितं खिडकीतून ऋतूच दिसत न्हाय रं. गाड्यावर आंबा आला की म्हनायचं उन्हाळा आला. आन् सुनंला कामावर जायचं असतंय, प्रार्थना दोन ओळीत उरकावी लागती."

परवाच्या रविवारी मोगऱ्याला पाणी घातलं आणि खबर सांगायला लागलो. पेरण्या झाल्या, मांजर आता आमच्याकडं असते, मावशींचं मनगट बरं आहे. बोलता बोलता जुन्या सवयीनं हात जोडले गेले, डोळे मिटले. म्हटलं, प्रभू, ज्वारी हुरड्याला आली की मावशींना आठ दिवस तरी इकडं धाड. घर फार शांत आहे, आम्हांला त्यांची आठवण येते.

एवढं बोलून थांबलो. आमेन म्हणायचं काम काकांचं, म्हणून डोळे मिटून जरा वेळ वाट पाहिली.