जाईच्या वासाच्या ओळी

एल्फी झ्वारला गंडवणारा माणूस ऑस्ट्रेलियातल्या बरोसाच्या खोऱ्यात अजून जन्मायचा होता, असं एल्फी स्वतःच सांगायची. बेकरीतला केक ती बोटानं दाबून बघायची, कालचा तर गळ्यात मारत नाहीत ना! चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करत तेव्हा हिचा एक डोळा किलकिला. बाकीच्यांनी खरंच मिटलेत की नाही, हे कुणीतरी बघायला नको? काकडीच्या लोणच्याच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला, तर परीक्षकाची बायको पहिल्या नंबरवालीची कोण लागते हे ती संध्याकाळपर्यंत हुडकून काढी. गंधकाच्या खोलीची किल्ली दोरीत ओवून तिच्या गळ्यात असायची. नवरा ब्रूनो बिचारा देवाघरी गेला, पण किल्ली काही त्याच्या हाताला लागली नाही.

गंधक म्हणजे तिचा जीव की प्राण. घरामागून ओढ्यापर्यंत आजोबांनी लावलेल्या द्राक्षवेली, बुंधे माणसाच्या मांडीएवढे. वसंत सरता सरता त्यांच्यावर भुरी यायची. पानांवर कुणी पीठ भुरभुरल्यासारखी. वेळीच आवरली नाही की मणी तडकून घडच्या घड वाया. म्हणून दरवर्षी एल्फी पाठीवर पंप घेऊन गंधक फवारायची. पण गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि स्पष्टच सांगितलं, आता गंधक पुरे, फुप्फुसं पार कामातून गेलीत.

"मग गडी ठेव की," शेजारचा रेग ऑब्स्ट म्हणाला.

"गडी? अर्धं गंधक घरी नेईल आणि उरलेल्या अर्ध्यात चुना घालेल!"

म्हणजे आता दोनच वाटा. गंधकाविना वेली जगवायच्या, नाहीतर ट्रॅक्टर लावून उपटून टाकायच्या. उपटायचं नाव काढलं की एल्फी उठून वेलींत जाऊन उभी राहायची. तेव्हा रेगच एक दिवस अॅडलेडच्या शेतीसंशोधक नेरिडाला घेऊन आला. तरुण पोरगी, बुटांना चिखल. चिखल खरा आहे का, हे एल्फीनं आधी बघून घेतलं.

"मी फवारणार ते विष नाही, मिसेस झ्वार," नेरिडा म्हणाली. "हे वेलीचंच हार्मोन आहे. पान कुणी कुरतडलं की वेल स्वतःच ते सोडते. मग बाकीची पानं सावध होतात, रोगाला मारक असा रस तयार करतात. आपण तेच फवारून तिला आधीच जागं करायचं."

"म्हणजे चोर आला नसताना चोर चोर म्हणून ओरडायचं? वेलीलाही फसवायचं?"

रेग खो खो हसला. "एल्फी, तू तर जन्मतःच फवारलेली आहेस!"

एल्फीनं त्याला कॉफी दिली नाही.

नेरिडानं पद्धत सांगितली. निम्म्या ओळींवर औषध, निम्म्यांवर नुसतं पाणी. खांबांना फिती बांधायच्या, लाल आणि निळ्या. कुठली कशाची हे निकाल दिसेपर्यंत मालकिणीला सांगायचं नाही.

"का? माझ्या वेली आणि मलाच चोरून?"

"सांगितलं तर पाण्याच्या ओळींची तुम्हाला दया येईल. काहीतरी करून बसाल."

हे शब्द एल्फीला झोंबले. आयुष्यभर हिनं जगावर संशय घेतला. हिच्यावर कुणी घेतला नव्हता. तरी मान डोलावली. दुसरा इलाज काय होता?

पहिल्या फवारणीनंतर नेरिडाची गाडी वळणाआड गेली आणि एल्फी नाक पुढे करून वेलींत शिरली. निळ्या ओळींना कसलाच वास नव्हता. लाल ओळींना मात्र मंद, गोड, थेट जाईच्या फुलांचा वास. एल्फी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अस्सं! औषधाला कधी सुवास येतो का? गंधकाची दुर्गंधी येते, मोरचूद डोळ्यांत जातं, खोकल्याचं औषध कडू लागतं. लहानपणी दारावर आलेल्या फेरीवाल्यानं आईला दम्याचं म्हणून गुलाबाच्या वासाचं औषध विकलं होतं. निव्वळ पाणी निघालं, आणि आई गेली. तेव्हापासून एल्फीचा हिशेब पक्का: माल खोटा असला की वरून अत्तर. लाल ओळींत पाणी. वास तिला बनवायला घातलाय.

आणि लाल ओळींत तर आजोबांच्या सगळ्यांत जुन्या वेली होत्या. त्या पाण्यावर मरू द्यायच्या?

नेरिडा यायची ती दोन-तीन आठवड्यांनी. मधल्या दिवसांत, पहाटे, रेग गाईंच्या धारा काढायला उठायच्या आत, एल्फी गळ्यातली किल्ली काढायची, तोंडाला ओला रुमाल बांधायची आणि लाल ओळींवर गंधक मारायची. दम लागायचा, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. ओढ्याकडच्या शेवटच्या वेलींपर्यंत पोचायच्या आत दम संपायचा, आणि ती तिथूनच परतायची. पावसाची एखादी सर आली की पानं धुऊन निघायची, नेरिडाला दिसायला गंधक उरायचं नाही.

"खोकला वाढलाय तुझा," रेग कुंपणावरून म्हणाला.

"तुझ्या सिगारेटीचा धूर येतो!"

नाताळ आला, ऊन चढलं, आणि निळ्या ओळींवर भुरी आली. पानं, देठ, मणी, सगळं राखेत लोळल्यासारखं. एल्फीचं काळीज तुटत होतं, पण आतून एक आसुरी आनंदही होत होता. बघा! हे यांचं औषध! तिनं निळ्या ओळींना बोटही लावलं नाही. येऊ दे ती पोरगी, तिचं तोंड बघायचंय मला.

नेरिडा आली. निळ्या ओळी बघितल्या, लाल ओळी बघितल्या, पानं उलटीपालटी केली. आणि तिचं तोंड पडायचं राहिलं बाजूला, ती धावत आली आणि तिनं एल्फीला मिठीच मारली.

"झालं, मिसेस झ्वार! औषध लागू पडलं! लाल ओळी बघा कशा लखलखताहेत!"

"लाल?" एल्फी पुटपुटली. "लाल म्हणजे पाणी ना?"

"पाणी निळ्यांना! औषधाला स्वतःचाच वास असतो, जाईसारखा. तुमच्या वेली वाचल्या. पुढच्या आठवड्यात सगळ्या बागायतदारांना सांगायचंय, आणि तुम्ही माझ्या शेजारी उभं राहायचं. रेग म्हणतो, एल्फी कुणावरच विश्वास ठेवत नाही, म्हणून ती खरं म्हणाली की सगळं खोरं खरं मानेल."

एल्फीनं तिची मिठी सोडवली. तिच्या शब्दावर लोक उद्या गंधक सोडतील. औषध खरं असेल तर उत्तम. नसेल तर? कोण सांगणार? सांगणारा पुरावा तिनंच पंपानं धुऊन टाकला होता. जगातल्या यच्चयावत माणसांवर तिनं संशय घेतला, एक ती स्वतः सोडून.

"मी गंधक मारलंय," ती म्हणाली. "लाल ओळींवर. चोरून. मला वाटलं, तू मला वासावर बनवतेस."

नेरिडाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं लाल ओळीतलं एक पान तोडलं आणि नाकाशी धरलं. एल्फीला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लाल ओळींतल्या ओढ्याकडच्या शेवटच्या वेली बघ," एल्फी धापा टाकत म्हणाली. "तिथवर मला कधी जाववलंच नाही, दम पुरला नाही. तिथं नुसतं तुझं औषध आहे. आणि त्याही स्वच्छ आहेत, पोरी! एक ठिपका नाही!"

नेरिडानं ओढ्याकडे बघितलं, मग एल्फीकडे.

"आणि तिथं गंधक पडलं नाही, हे मी कशावरून मानायचं?"

हाच प्रश्न एल्फीनं जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता. बेकरीवाल्याला, परीक्षकाला, ब्रूनोला. कुणी उत्तर दिलं तरी तिचं समाधान झालं नव्हतं.

"मानू नकोस," एल्फी म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा कर."

तिनं मान खाली घातली, दोरी डोक्यावरून काढली आणि गंधकाच्या खोलीची किल्ली नेरिडाच्या हातात ठेवली.