शिस्तीचा बाक

पाथर्डीकडच्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, की स्टँडवरचा एसटी ड्रायव्हर हॉर्न वाजवायचं विसरायचा, असा त्यांचा आवाज. लग्नाआधीच्या संबंधांवर मात्र ते हळू बोलत. शरीर हे देवाच्या आत्म्याचं मंदिर. लग्नाच्या वचनाबाहेर ते कुणाला देऊ नये, कुणाचं घेऊ नये. एवढंच. त्यावर गावभर गर्जना करायचं काम माझ्या थोरल्या भावाकडे. तो मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, पंच.

गेल्या वर्षी त्याचीच मुलगी नगरच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून घरी आली. लग्न झालेलं नव्हतं आणि तिला दिवस गेले होते. पोरगा नगरच्या मंडळीतला, लग्नाला तयार. पण आमच्याकडे अशा वेळी पंचांपुढे कबुली द्यायची आणि पंचांनी लावलेली शिस्त संपेपर्यंत शेवटच्या बाकावर बसायचं. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांना वाटायची, भाकर त्या बाकाला मिळत नाही. भावानं मुलीला स्वतःच पंचांपुढे उभं केलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, पाप झालं, मान्य हाय. पण मी एकटीनं न्हाई केलं."

"तो दुसऱ्या मंडळीतला. त्याचं त्याचे पंच बघतील."

"बघतील तर! चष्मे पुसूनच बसलेत ते," वहिनी चुलीपुढून म्हणाली.

मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, भाकर न्हाई मिळाली तर सोशीन. पण पप्पा माझ्याकडं न बघता गेले, तर या चर्चात अन् या घरात माझं काय उरलं?"

 

प्रभुभोजनाच्या रविवारी पोरगा नगरहून आला आणि पुरुषांच्या बाजूला पुढेच बसला. भाऊ भाकरीचं ताट घेऊन त्याच्यापाशी थांबला.

"घे," तो पुटपुटला.

"नको, मामा. मी बी शिस्तीत हाय."

पोरगा उठला, मधली वाट चालत गेला आणि बायकांच्या बाजूच्या त्या शेवटच्या बाकावर, तिच्याशेजारी बसला. सगळ्या माना अशा मागे वळल्या, की छपरावरची कबुतरंही वाकून बघत असावीत. भाऊ ताट घेऊन तिथंच उभा. जी आज्ञा त्यानं जन्मभर पाठ केली, ती दोघांना होती. त्यानं मात्र ती एकीलाच ऐकवली होती.

उरलेल्या बाकांना त्यानं भाकर दिली. ताट मेजावर ठेवलं. स्वतः घेतली नाही. पाळकसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. नियम त्यांनीही सैल केला नाही; शेवटच्या बाकाला भाकर गेली नाही.

भाऊ मागे गेला. मुलीसमोर उभा राहून तिच्याकडे बघत राहिला.

"सरक जरा," तो म्हणाला.

तिनं ओढणी आवरली आणि जागा केली.