तेरावं कॅरेट

साल २०२३. ऑक्टोबरची छाटणी संपून थंडी नुकती पडलेली. पोंभुर्ण्याजवळ, जंगलाला लागून, मालकानं पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावली होती. मी तिथला मुकादम. धानाच्या मुलखात द्राक्षं, म्हणून लोक हसायला येत. हसणारे गेले, किस्से राहिले. एक सांगितला की मागचा उठून बसतो.

*

माघात मणी भरले. मी पहिला घड तोडला तशी सोमीबाई आडवी आली. आमच्यातली सगळ्यात जुनी तोडणारी, गोंड समाजाची.

"नवं हाये, भाऊ. पंडुम, नव्याची पूजा, केल्याबिगर आमी नवं तोंडात घालत नाई. आधी त्याले द्या." बोट बांधावरच्या साजाच्या झाडाकडे; त्यात त्यांचा देव.

"घे, देलं!" म्हणून मी मणी खाल्ला आणि बी झाडाकडे थुंकलो. बाया हसल्या नाहीत.

"उसनं झालं तुमच्यावर," ती म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी चहा पाण्यासारखा लागला. मिरची पाणी. मीठ पाणी. कोणाला सांगितलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत; मालक मला विचारतो तो जिभेमुळे. तोडणीचा दिवस तीच ठरवायची. आंबटपणा असताना तोडलं तर वाइन करकरीत, चार दिवस चुकले तर टाकी वाया.

वाइनच्या शेडमधला मशीनवाला सलीम साखर मोजायचं मीटर घेऊन आला. "मीटर तर तोडा म्हणते. तुमची जीभ काय म्हणते, भाऊ?"

मी मणी चावला. पाणी.

"उद्या तोडा!"

मुकादम असं बोलतो, की कोणी पुन्हा विचारत नाही.

*

तोडणी उजाडायच्या आत करतात, फळ थंड असतं. पहिल्या फेरीला बारा माणसं, बारा कॅरेट. मोजली. तेरा!

तेराव्यातले घड कात्रीनं कापलेले नव्हते, हातानं पिळून तोडलेले. साजाच्या झाडाकडून वेलींच्या ओळीत अनवाणी पावलं आली होती. परत जाणारी नव्हती. आमच्याकडे वाघाचे ठसे रोजचेच. ते असते तर बरं वाटलं असतं.

"त्याचं त्याले राहू द्या," सोमीबाई म्हणाली.

"भरलेलं कॅरेट मी सोडत नाई!" मी ते स्वतः उचलून गाडीत चढवलं.

*

टाकीत रस फसफसू लागला की नळीतून गुडगुड आवाज येतो. मी शेडमध्ये शिरलो की बंद! बाहेर गेलो की सुरू. सलीमनं मला तीनदा आत-बाहेर करून पाहिलं.

"हे बी आमच्यासारखंच! मुकादम आले का चूप!" तो हसला. मग टाकीला हात लावला, आत काहीच हलत नव्हतं, आणि हसायचा थांबला.

"भाऊ, तुमी बाहेरच थांबा."

*

उन्हाळ्यात वाइन तयार झाली. मालकानं पेले भरले. सलीम पीत नाही, त्यानं नुसता वास घेतला.

"बोला मुकादम, कशी झाली?" मालक म्हणाला. सगळे माझ्या तोंडाकडे.

एकदा खोटं बोललो होतो. दुसऱ्यांदा जीभ वळेना.

"मले काईच लागत नाई," मी म्हणालो. "माघापासून."

पेला उचलून बांधावर गेलो. चप्पल काढली. साजाखाली ताजी पावलं होती. टाचा बुंध्याला, बोटं माझ्याकडे. मी त्यांच्यासमोर बसलो आणि अख्खा पेला मुळाशी ओतला. कोणी पिऊन टाकल्यासारखी, तापलेल्या मातीवर ओलही उमटली नाही.

सोमीबाई मागं उभी होती. "फिटलं?"

मी थुंकी गिळली. आंबट होती.