इंग्रजीला तिसऱ्यांदा बसताना

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे चादरवाली म्हणत. बावीस वर्षं ती एकाच यंत्रासमोर उभी होती. ओली चादर तापलेल्या रुळांत सरकवायची, पलीकडून कोरडी निघाली की घडी घालायची, की दुसरी. दिवसाला चारशे. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. जिना ती आता कठडा धरून, बाजूबाजूने उतरायची. डॉक्टर म्हणाले, "बसून करायचं काम बघा."

तसं काम होतं. भांडारात कारकुनाची एक जागा निघणार होती आणि पर्यवेक्षकांची तिला द्यायला ना नव्हती. अट एकच, शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा इंग्रजीचा पेपर सुटलेला हवा. नेमका तोच तिचा राहिला होता. तीनदा बसायची मुभा होती, त्यात दोनदा बसून ती दोनदा आपटली होती.

"चादरी मोजायला उपमा आणि रूपक कशाला लागतात गं?" शेजारच्या यंत्रावरच्या मैत्रिणीने विचारलं.

"चादरींना नाही लागत, नियमाला लागतात," ती म्हणाली आणि पुढची चादर सरकवली.

दोन्ही वेळा तिने अभ्यास केला तो धुलाईखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत, मळक्या कपड्यांच्या गाठोड्यांआड. दोन ओळी वाचल्या की पुस्तक छातीवर ठेवून तिथेच डोळा लागायचा. घरी पुस्तक उघडायची सोय नव्हती. घरी वन्सं होत्या.

वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या, एकट्या राहिलेल्या, जिभेला धार असलेल्या. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात चादरवालीने त्यांच्यासमोर वर्तमानपत्रातला 'आयलंड' हा शब्द 'इसलंड' असा वाचला होता. चार माणसांदेखत वन्सं म्हणाल्या होत्या, "अगं, त्यातला एस मुका असतो. तूही तशीच राहिलीस तरी चालेल." सगळे हसले. ती पण हसली. त्यानंतर तिने त्यांच्यादेखत इंग्रजी अक्षर वाचलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी वन्संना झटका आला. उजवा हात गेला आणि त्याहून वाईट म्हणजे शब्द गेले. समजायचं सगळं, पण वस्तूंची नावं जिभेवर येईनात. इस्पितळात त्यांच्या खाटेशी उभं असताना चादरवालीला ते मुक्या अक्षराचं वाक्य आठवलं, आणि आठवल्याची तिची तिलाच लाज वाटली. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातले आठ दिवस घरी. "दोन महिने राहील इथे," तो म्हणाला होता. दोन महिन्यांचं दीड वर्ष झालं. कामावरून आल्यावर वन्संची वेणी, वन्संचं जेवण, वन्संचे व्यायाम. तक्रार करायलाही अंगात त्राण हवं, ते नव्हतं.

परीक्षा मंगळवारी होती. आदल्या रविवारी दुपारी वन्सं खिडकीशी खुर्चीत पेंगत होत्या, म्हणून तिने टेबलावर जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या. पहिल्याच उताऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर तिचं डोकं कलंडलं. जाग आली ती काठीच्या ठोक्यांनी.

"ते... दे," वन्सं म्हणत होत्या. डावा हात पुढे केलेला.

"काही नाही वन्सं, कामाचे कागद आहेत."

"खोटं." हा शब्द मात्र त्यांना लगेच सापडला. "डोळ्यांची काठी... आण."

डोळ्यांची काठी म्हणजे चष्मा. खिडकीच्या पडद्याला त्या उन्हाचं झाकण म्हणायच्या. हे सगळं आता तिला पाठ होतं. तिने चष्मा आणून त्यांच्या नाकावर बसवला आणि प्रश्नपत्रिका पुढे ठेवली. आता काय ऐकावं लागणार, या विचाराने तिचे कान तापले. वन्संनी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिने खुणा केलेली उत्तरं पाहिली, आणि हसल्या नाहीत. डावा तळवा त्यांनी अख्ख्या उताऱ्यावर ठेवला, नुसते खालचे प्रश्न उघडे ठेवले.

"आधी... हे."

"आधी प्रश्न वाचू? मग उतारा?"

वन्संनी मान हलवली. आजवर हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली दर वेळी उतारा पहिल्या शब्दापासून उपसत बसायची आणि प्रश्नांपर्यंत पोचेतो दमून जायची.

पुढे एका अवघड शब्दावर ती अडली आणि शब्दकोशाकडे हात नेला. वन्संनी काठीने तो हात अडवला. मग बोट शब्दाच्या आधीच्या वाक्यावर टेकवलं, नंतरच्या वाक्यावर टेकवलं, आणि तिच्याकडे पाहत राहिल्या.

"मागचं-पुढचं बघून ओळखायचं?"

"तू... माझं... कसं?" वन्संनी स्वतःच्या ओठांकडे बोट नेलं.

चादरवालीने शब्दकोश बाजूला सारला. दीड वर्ष ती घरात हेच तर करत आली होती.

अलंकारांवर मात्र घोडं अडलं. उपमा कुठली नि रूपक कुठलं, तिची दर वेळी अदलाबदल व्हायची. वन्संनी चष्मा काढून टेबलावर आपटला. "काठी. सारखा... नाही. काठीच!" मग जिन्याकडे बोट दाखवून, तिच्या गुडघ्यांकडे पाहून, मोठ्या कष्टाने म्हणाल्या, "तू. खेकडा... सारखी."

"अहो वन्सं!"

"सारखी," वन्संनी ठासून सांगितलं, आणि त्यांचा अर्धा चेहरा हसला. तीही हसली, गुडघे चोळत चोळत. सोमवारी सुट्टी मिळाली नाही, पण संध्याकाळी दोघींनी आणखी दोन उतारे काढले. दुसऱ्याच्या शेवटी वन्संच थकल्या आणि काठी टेकून झोपायला गेल्या.

मंगळवारी परीक्षेच्या खोलीत आजूबाजूला तिच्या निम्म्या वयाची माणसं होती. उतारा एका जुन्या पुलाला रंग देणाऱ्या माणसाचा होता. तिने आधी प्रश्न वाचले. माणसाला लावलेला 'गॉन्ट' हा शब्द तिने जन्मात पाहिला नव्हता. पण आधीच्या वाक्यात त्याला दोन दिवस जेवण नव्हतं, नंतरच्यात गालांची हाडं वर आलेली होती. हडकुळा, तिने ठरवलं. त्या दिवशी वाऱ्याचं डोकं फिरलं होतं, असं पुढे होतं. वाऱ्याला कुठलं आलंय डोकं? चेतनगुणोक्ती, म्हणजे 'पर्सनिफिकेशन', तिने लिहिलं.

मग निबंधाआधी एक क्षण डोळे मिटले, आणि एक क्षण कसला, वर्गावर देखरेख करणाऱ्या बाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा वीस मिनिटं गेली होती. निबंध अर्धाच झाला. बाहेर पडताना तिला रडूही आलं नाही, कधी एकदा बसायला मिळतंय असं झालं.

निकाल दीड महिन्याने लागला. पास व्हायला पस्तीस लागत होते, तिला अडतीस होते. धुलाईखान्याचे पर्यवेक्षक म्हणाले, "भांडारातली जागा पुढच्या महिन्यात, तोवर यंत्र सांभाळा." त्या दिवशीही चारशे चादरी होत्याच.

घरी येऊन तिने चपला काढल्या आणि वन्संसमोर जमिनीवर बसून निकालाचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. वन्संनी अडतीसवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग त्या काहीतरी बोलू लागल्या, लांबलचक, अडखळत, शब्द हुडकत. पाण्यामधल्या जमिनीचं काही होतं त्यात, शाळेचं होतं, एका मुलीचं होतं. चादरवालीने मागचं-पुढचं जुळवायचा प्रयत्न केला, पण डोकं चालेना.

"वन्सं," ती म्हणाली, "उद्या सांगाल? आज काही म्हणता काही कळत नाहीये मला."

वन्सं थांबल्या. मग त्यांनी डाव्या हाताने आपल्या पाठीमागची उशी ओढून काढली आणि खाली तिच्याजवळ टाकली. ती तिथेच आडवी झाली. संध्याकाळचे सहाच वाजले होते.