अंडर ऑब्झर्व्हेशन

भिवा ओव्हाळला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण बिघडलेल्या वस्तूंसाठी इंग्रजीतले सगळे शब्द त्याला तोंडपाठ होते. पंखा जाम होतो, मोबाईल हँग होतो, मोटार शॉर्ट होते, लिफ्टवर 'आउट ऑफ ऑर्डर'ची पाटी लागते. कुरुळीत त्याच्या चाळीत कुणाचं काही बिघडलं की लोक आधी भिवाला विचारत, आणि तो असा काही टेचात शब्द फेकायचा की निम्मी दुरुस्ती तिथंच झाल्यासारखी वाटायची.

चाकणच्या कंपनीत, जिथं तो पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेसच्या लाइनवर लीडर होता, तिथं मात्र ह्या शब्दांना किंमत पडायची. शिफ्ट संपताना फळ्यावर मशीनची तब्येत भिवानं लिहायची. 'ब्रेकडाऊन' लिहिलं की प्रेस थांबे, माल थांबे, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांची खरडपट्टी निघे. म्हणून कुणा शहाण्यानं दुसरा शब्द काढला होता, 'अंडर ऑब्झर्व्हेशन'. म्हणजे बिघाड आहे, पण चालू ठेवा. तेल गळत असलं तरी हाच शब्द, आणि जीव जाण्यासारखं काही असलं तरी हाच. हा शब्द काढणाऱ्याला त्याच प्रेससमोर उभं करायला हवं होतं.

हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबवणारा सेन्सर एके दिवशी बंद पडला. भिवानं 'ब्रेकडाऊन'ची पहिली अक्षरं लिहिलीही. मागून सुपरवायझर म्हणाला, कशाला राव, माल आजच निघायचाय. भिवानं ती अक्षरं तळहातानं पुसली आणि नेहमीचं लिहून घरी गेला. असं त्यानं कितीदा तरी केलं होतं.

पुढच्या शिफ्टला त्या प्रेसवर समाधान होता, भिवाचा जावई. भिवानंच साहेबांच्या कानावर घालून त्याला चिकटवला होता. फळ्यावर रोजचाच शब्द बघून तो बिनघोर कामाला लागला, आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत भिवाला विचारलं, सेन्सर चालू होता का? शेजारी सुपरवायझर बसलेला, भिवाची रिटायरमेंट तोंडावर आलेली. अधूनमधून त्रास द्यायचा, असं भिवा म्हणाला. निकाल लागला, कामगाराचा निष्काळजीपणा. समाधानला 'अनफिट' ठरवून घरी पाठवलं. प्रेसला जे लिहायला हात कचरत होते, ते माणसाला लिहायला कुणाचा हात अडला नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे समाधानला ते पटलं. बायको मिनलसोबत तो सासऱ्याच्याच खोलीत राहायला आला होता. मामा, तुमचं नाव घालवलं मी, असं मान खाली घालून म्हणायचा. आणि भिवा त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणायचा, जाऊ द्या समाधानराव, होतं असं. ह्या निर्लज्जपणाची त्याची त्यालाच शिसारी यायची.

एका रविवारी मिनल भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं बापाला विचारलं, "आबा, तुमचं इंग्रजी ऱ्हाऊ द्या. त्ये सेन्सर चालू होतं का बंद?"

भिवानं तव्यावरची भाकरी उलटली.

"बंद होतं," तो म्हणाला. "मला ठावं होतं."

मिनलचे हात थांबले. ती त्याच्या मागं दाराकडं बघत होती. तिथं समाधान डाव्या हातात तांब्या धरून उभा होता.

"म्हंजी माझं चुकलं नव्हतं," तो हळू म्हणाला. त्यानं तांब्या उंबऱ्यापाशी ठेवला आणि मिनलला सामान भरायला सांगितलं.