उंची खुंटण्याची धास्ती

भोपाळमधल्या बरखेड्याच्या क्वार्टरांत कांचनला सगळे ओळखतात ते तिच्या चालण्यावरून. बाई बुटकी, पण बरोबरच्याला धावायला लावते. माहेर साताऱ्याचं. लग्नाआधी तिनं पोलीस भरती दिली होती. धावण्यात सगळ्यांच्या पुढे आली आणि उंचीत बोटभर कमी पडून घरी परतली. पुढे इथल्या कारखान्यातल्या विश्वासशी लग्न झालं, भोपाळला आली, संसारात रमली. पण तो सल काही गेला नाही. आपल्या लेकीला कुणी असं दारातून परत पाठवू नये, एवढंच तिला वाटायचं.

म्हणून चौदा वर्षांची क्षितिजा वेटलिफ्टिंगला जाऊ लागली, तेव्हा शेजारच्या सरोजकाकूंचं एक वाक्य कांचनला पुरलं.

"अगं, वाढत्या वयात वजन उचललं की उंची खुंटते. उंच हमाल पाहिलायस कधी?"

घरी येऊन कांचननं लेकीला देवघराच्या चौकटीला उभं केलं. दर वाढदिवसाची खूण तिथं पेन्सिलीनं केलेली होती. गेल्या वाढदिवसाला कितीतरी महिने झालेले, आणि पोरीचं डोकं शेवटच्या खुणेच्या खालीच!

"बस झालं तुझं ते लोखंड," ती म्हणाली.

"मम्मी, मैं कोई फ्रिज थोड़ी उठा रही हूँ. अजून नुसता दांडाच देतात."

"घरात मराठी बोल. आणि उद्यापासून जायचं नाही."

क्षितिजा भांडली नाही. जेवताना दुसरी पोळी मात्र घेईना, आणि तेच कांचनला लागलं. सकाळी देवापुढे दिवा लावताना तिला काही मागताच येईना. मागायचं तरी काय, पोरीची उंची की पोरीचं हसू?

शेवटी ती लेकीला घेऊन दवाखान्यात गेली. भाग्यश्रीबाई डॉक्टर मूळच्या उज्जैनच्या, मराठीच.

"शिकवणारं माणूस जाणतं असेल आणि झेपेल तेवढंच वजन असेल, तर उंचीला काही होत नाही," त्या म्हणाल्या. "या वयात हाडांच्या टोकाशी वाढीची जागा असते. वेडंवाकडं किंवा हट्टानं जड उचललं तर तिथं इजा होऊ शकते, म्हणून लक्ष ठेवायचं. बाकी उंची आईबापाकडून येते, नि खाण्याझोपण्यातून."

"मग हमाल का बुटके असतात?"

"हमालांना लहानपणी पोटभर मिळालेलं असतं का हो?"

कांचन म्हणाली, "पण घरी चौकटीवर वाढदिवसाची खूण केलीय, तिच्याही खाली येतेय ही!"

"मला खूण दिसत नाही, मुलगी दिसते. चांगली वाढतेय."

संध्याकाळी विश्वास ड्यूटीवरून आला. कांचननं त्याला खूण दाखवली, लेकीला परत उभं केलं. तो बघत राहिला, मग हसायलाच लागला.

"अगं, पाट कुठाय?"

"कसला पाट?"

"वाढदिवसाला इथंच मांडून ओवाळतेस ना तिला? ओवाळून झालं की ती पाटावर उभी राहते, मी तेवढ्यात खूण करतो. दर वर्षी. एकदा खाली उतरली की केकाकडे पळते, मग कुठली हाती लागायला."

ओवाळणारी तीच, पाट मांडणारी तीच, आणि तिच्या ध्यानात येऊ नये! कांचननं पाट आणून लेकीला वर चढवलं. डोकं खुणेच्या चांगलंच वर गेलं.

"मतलब हर साल मेरी हाइट में फर्नीचर भी था," क्षितिजा म्हणाली.

कांचनला हसू आलं, पण लगेच ओसरलं. "तरी माझ्यावर गेलीस तर फार उंच नाही व्हायचीस. मग पोलिसात..."

"पोलिसात तुला जायचं होतं, मम्मी. मला नाही."

क्षितिजा हे सहज बोलून गेली. कांचन पाट उचलून आत ठेवायला गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः लेकीबरोबर वेटलिफ्टिंगच्या हॉलवर गेली. शिकवणाऱ्या विनिता मॅडम एका मुलीची पाठ वाकली म्हणून दांडा खाली ठेवायला लावत होत्या. ते पाहून कांचनचा जीव जरा भांड्यात पडला. तरी क्षितिजाची पाळी आली तेव्हा तिनं डोळे मिटून रामाचं नाव घेतलंच. डोळे उघडले तर दांडा डोक्यावर, आणि त्याखालून पोरगी आईकडे बघतेय.

"आंटी, आप भी सीखेंगी?" मॅडमनं गमतीनं विचारलं.

कांचननं पर्स बाकावर ठेवली आणि पदर खोचला.

"पहले ये बताओ, सिलेंडर उठाते वक्त पीठ कैसी रखनी है."