जुनं सगळं जागेवर आहे

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दही लावत होते. चमचा हातात तसाच राहिला… त्याला आता महिना झाला. शोकसभेत पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीचे साहेब ‘मन्मथ आमच्या घरचाच’ म्हणाले, म्हणून मी लिहायला बसले. गोड लिहिणार नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी बीडमधल्या आमच्या कॉलेजात नवाच कॉम्प्युटर आला होता आणि मी ऑफिसात क्लार्क होते. मुलांचे गुण साहेबांच्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये असत. त्यात सुधारणा करायला तीन फ्लॉप्या पोस्टाने आल्या. त्यातली दुसरी खराब निघाली. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी भयंकर उमटलं आणि खाली, कोणतंही बटण दाबा. मी दाबलं. नवं आलं नाही आणि जुनंही पुसलं गेलं. साहेबांनी प्राचार्यांना फोनवर सांगितलं, बाईंनी चुकीचं बटण दाबलं. मला मेमो मिळाला. ‘कोणतंही’ म्हटल्यावर चुकीचं बटण कुठलं, हे कुणी विचारलं नाही. रजिस्टरं काढून सगळे गुण मी पुन्हा भरले.

मन्मथ माझ्या भावाचा मित्र. नेकनूरहून एसटीने येऊन स्टँडमागे कॉम्प्युटर क्लास चालवायचा. “ताई, तुमी कावून रडायलात? रडवायचं त्याला,” म्हणाला. मग माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून त्याने विचारलं, “विरजणाला सगळंच जुनं दही घालता का?”

“छे! नवं नासलं तर? चमचाभर बाजूला ठेवते.”

“येवढं त्या साहेबाला कळंना, बघा.”

त्याने स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. आधी सगळ्या फ्लॉप्या तपासायच्या, जुन्याची नक्कल ठेवायची, मगच हात लावायचा. साहेब कॉलेजात आले त्या दिवशी प्राचार्यांसमोर, क्लासातून आणलेल्या मशीनवर, त्याने त्यांच्याच हातून त्याच फ्लॉप्या लावल्या. दुसरीवर गाडी अडली. “दाबा की सर, कोणतंबी दाबा,” मन्मथ म्हणाला. साहेबांचं बोट हवेतच राहिलं. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं! मग मन्मथचा प्रोग्रॅम चालला आणि पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी उमटलं: नवं बसलं नाही. जुनं सगळं जागेवर आहे. चूक तुमची नाही.

प्राचार्यांनी चहा मागवला. मेमो मात्र फायलीत राहिला. पुढच्या खेपेला कंपनीच्या फ्लॉप्यांत मन्मथची सगळी युक्ती होती, त्याचं नाव नव्हतं, आणि शेवटचं वाक्य तेवढं काढलेलं होतं. तो हसला. “जाऊ द्या ताई, लोकायचं काम तर हुतंय.” मी नाही जाऊ दिलं.

शोकसभेनंतर मी साहेबांना त्याच्या क्लासात नेलं. त्याचं जुनं मशीन चालू केलं आणि जपून ठेवलेली ती दुसरी फ्लॉपी त्यांनाच लावायला दिली. घरघर झाली, अक्षरं उमटली.

“मोठ्यानं वाचा, मी चष्मा विसरलेय.”

दोन वाक्यं वाचून ते थांबले.

“पुढं?”

“चूक… तुमची नाही.”

मेमो द्यायला लावणाऱ्याच्या तोंडून हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. पण फ्लॉपी लावली होती त्यांनी. मन्मथ त्यांनाच सांगत होता, चूक तुमची नाही. एवढ्यासाठी मी त्याच्यावर अजून चिडलेली आहे.